रविवारी मलप्रभेवर मासे धरायला येणाऱ्यांसाठी

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला खानापुरात नदीघाटावर जमायचं. पाणी निवळलंय. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) काठाजवळ चिखल उकरतो. बुडबुडे उठले की तो तिथेच आहे समजा. माशी (गळावर बांधलेली बनावट माशी) त्याच्या डोक्यावर टाकू नका, बुजतो. हातभर पुढे टाकून तळाला बसू द्या, आणि झटक्याची वाट न बघता दोरी जराशी थबकली तरी ओढा.

गळाचं उलटं टोक पक्कडीने दाबून सपाट करूनच या, ही अट सगळ्यांना. मासा धरण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

मागच्या खेपेला उंबराखाली राहिलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) पाणकावळ्याच्या पायात गुंतली होती, मी सोडवली तेव्हा पाय कापला होता. तुकडे खिशात घालून परत आणा.