त्या सव्वीस ओळींचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘बाथची रंगेल बायको’ हा लेख वाचला. भाषा झोकदार आहे, आणि चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीवर मराठीत अर्धे पान मिळते याचे कौतुकच आहे. इथवर ठीक. पण ‘ठेंगणा असो की उंच, काळा असो की गोरा, हिला कोणीही चालतो’ एवढ्या एका उताऱ्याच्या टेकूवर लेखकाने त्या बाईचा निकाल लावून टाकला आहे. तिच्या आधी त्या उताऱ्याची चौकशी करायला हवी होती.

उतारा ‘कँटरबरी टेल्स’ या, यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या गोष्टींच्या काव्यातला, तिच्या गोष्टीआधीच्या प्रस्तावनेतला, ओळी ६१९ ते ६२६. त्याची आणखी तीन भावंडे आहेत. रक्ताने भरलेल्या बिछान्याच्या खोट्या स्वप्नाचा प्रसंग, ५७५ ते ५८४. ‘शुक्राने मला वासना दिली, मंगळाने धाडस’ हे कबुलीचे बोल, ६०९ ते ६१२ (लेखकाने हेही ठळक टाइपात चौकटीत घातले आहेत). आणि ईव्हच्या पापाचा उल्लेख, ७१७ ते ७२०. आठ, दहा, चार आणि चार. या सव्वीसच्या सव्वीस ओळी हेंगूर्ट प्रतीत नाहीत.

हेंगूर्ट म्हणजे कोपऱ्यात पडलेली कुठलीतरी फुटकळ वही नव्हे. ऐंशीहून अधिक हस्तलिखितांत बहुतेक अभ्यासक जिला सर्वांत जुनी मानतात ती प्रत, साधी, चित्रे नसलेली, कडा उंदरांनी कुरतडलेली. आज ॲबरिस्टविथला वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लेखकाच्या आवडत्या ओळी सापडतात त्या एल्समिअर प्रतीत. ती सोनेरी वेलबुट्टीची, २३ यात्रेकरूंच्या चित्रांची श्रीमंत प्रत १९१७ मध्ये हेन्री हंटिंग्टनने विकत घेतली; आज ती कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. दोन्ही प्रतींचे अक्षर एकाच लेखनिकाचे, यावर अभ्यासकांचे जवळपास एकमत आहे. तोच हात, तीच बाई, आणि एका प्रतीत सव्वीस ओळी जास्त!

लेखनिकाची डुलकी म्हणावी तर तेही जमत नाही. नकलताना नजर एका शब्दावरून खाली तशाच दुसऱ्या शब्दावर घसरली की मधला मजकूर गळतो, पण मग यमकाची जोडी तुटते किंवा वाक्य लोंबकळते. इथे चारही तुकडे पूर्ण यमकजोड्यांचे आहेत. वाचकांनी स्वतः करून पाहावे: ६१९ ते ६२६ वर पट्टी ठेवा आणि ६१८ वरून थेट ६२७ वर या. ‘काय सांगू, महिना सरतो न सरतो तोच त्या जँकिनने माझ्याशी लग्न केले’, अशी तिच्या पाचव्या लग्नाची गोष्ट सुरळीत पुढे जाते. म्हणजे शक्यता दोन उरतात. एक, चॉसरने नंतर समासात किंवा सुट्या पानावर हे तुकडे वाढवले आणि ते एका मूळ प्रतीपर्यंत पोहोचले, दुसरीपर्यंत नाहीत. दोन, कोणा दुसऱ्यानेच बाईच्या तोंडी आणखी चार शब्द कोंबले. दोन्ही बाजूंनी विद्वान उभे आहेत. छापील आवृत्त्यांत या ओळी निमूटपणे येतात, कारण १९८७ च्या रिव्हरसाइड आवृत्तीसारख्या प्रचलित आवृत्त्या मुख्यतः एल्समिअरवर बेतलेल्या आहेत. पाठभेदांच्या टिपा त्याच ग्रंथात मागे असतात. तिथपर्यंत पाने उलटायला फार वेळ लागत नाही.

बाईला सोज्वळ ठरवण्याचा माझा उद्योग नाही. ६१३ ते ६१८ या ओळी हेंगूर्टमध्ये आहेत आणि त्या काही कमी मोकळ्या नाहीत. पण तिथे ती जन्मलग्नी वृषभ आणि त्यात मंगळ असल्याचे सांगून ग्रहांना पुढे करते, आणि ‘प्रेम हे पाप का ठरावे’ म्हणून हळहळते. ‘गरीब की श्रीमंत, मी पाहिलेच नाही’ हे वाक्य फक्त त्या वादग्रस्त आठ ओळींत येते. तेही तिच्याच हकिकतीशी जुळत नाही, कारण पहिले तीन नवरे म्हातारे आणि पैसेवाले होते आणि तिने त्यांची जमीन व ठेवा कसा पदरात पाडून घेतला, हे ती आधी मिटक्या मारत सांगून बसली आहे. पैशासाठी नव्हे तर प्रेमापोटी केलेले लग्न एकच, पाचवे. तेव्हा ती चाळीसची होती आणि जँकिन विशीतला. हिशेब ठेवणारी बाई आणि हिशेब न ठेवणारी बाई यांतला फरक त्या आठ ओळींनी पुसला जातो, आणि आपल्या लेखाचा सगळा डोलारा नेमका तिथेच उभा आहे.

जुनी म्हणून हेंगूर्ट सगळीकडेच खरी, असेही समजू नये. स्क्वायर या यात्रेकरूच्या गोष्टीनंतरच्या संवादात बोलणाऱ्या यात्रेकरूचे नाव तिथे ‘फ्रँकलिन’ऐवजी ‘मर्चंट’ असे आहे. चॉसरच्या वेळी पहिल्या नावाचा उच्चार तीन अवयवांचा (सिलॅबलचा) होता, दुसऱ्याचा दोनच, त्यामुळे दहा अवयवांची ओळ एका अवयवाने लंगडते. हाती आलेल्या क्रमात गोष्टी बसवताना कोणीतरी नाव बदलले, हे उघड दिसते. किट्रेज या अभ्यासकाने १९१२ मध्ये मांडलेली ‘विवाहचर्चे’ची उपपत्ती, म्हणजे ही बाई, क्लार्क, मर्चंट आणि फ्रँकलिन आपापल्या गोष्टींतून ओळीने लग्नावर वाद घालतात ही (जी आपल्या लेखकाने ‘चॉसरची योजना’ म्हणून खपवली आहे) एल्समिअरच्या क्रमावर टिकते. हेंगूर्टमध्ये क्लार्कची गोष्ट मर्चंट आणि फ्रँकलिन या दोघांच्याही नंतर येते. कुठे ही प्रत, कुठे ती, हे ओळीओळीला ठरवावे लागते. कंटाळवाणे काम आहे, मान्य. मग निकाल तरी देऊ नये.

आता मथळा. ‘बाथची बायको’ वाचून बाथ हे नवऱ्याचे आडनाव वाटते. चॉसरच्या इंग्रजीत ‘वाइफ’ म्हणजे पत्नी, तशीच नुसती स्त्रीही. आपल्याकडे तरी ‘बायका जमल्या’ म्हटल्यावर ‘कोणाच्या?’ असे कोण विचारतो? ती बाथच्या वेशीबाहेरची बाई आहे, धंदा कापडाचा. ईप्र आणि गेंट ही त्या काळची कापडाची मोठी शहरे तिच्या हाताखाली फिकी पडतात, असे कवी म्हणतो. लेखात नवरे पाचही मोजले आहेत, कापडाचा धागाही नाही.

छायाचित्राखाली ‘चॉसरच्या हस्ताक्षरातील पान’ असे छापले आहे. ते पान एल्समिअरचे आहे, आणि ती प्रत १४०० मध्ये चॉसर वारल्यावर तयार झाली. त्याच्या कवितांची स्वतःच्या हातची एकही प्रत आजवर मिळालेली नाही. नकलनविसांनी त्याला किती छळले ते त्यानेच ॲडम नावाच्या लेखनिकाला उद्देशून सात ओळींत लिहून ठेवले आहे: ‘माझे लिखाण नीट उतरवले नाहीस तर तुझ्या लांब केसांखाली खवडे पडोत, तुझ्या घाईपायी मलाच घासत-खरवडत बसावे लागते.’ ‘हस्ताक्षर’ ही ओळ लिहिणाऱ्या आपल्या उपसंपादकाने केस बारीक ठेवले असतील अशी आशा आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तीत स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा म्हटले. ज्यांच्या घरी ही परंपरा आहे त्यांनी चॉसरला मात्र मिळेल त्या ताटातून वाढून घ्यावे, याची गंमत वाटते.

राहिली दुरुस्ती छापण्याची गोष्ट. इंग्लंडमधला पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ च्या सुमारास ‘कँटरबरी टेल्स’ पहिल्यांदा छापले. १४८३ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो सांगतो की एक गृहस्थ येऊन म्हणाले, तुमचे पुस्तक चॉसरच्या मूळ ग्रंथाशी बऱ्याच ठिकाणी जुळत नाही. माझ्या वडिलांकडे चांगली प्रत आहे. कॅक्स्टनने आधी ‘माझ्यापुढे जी प्रत होती तिच्याबरहुकूम छापले’ असा बचाव केला, आणि मग ती प्रत मागवून पुन्हा छापले. दुरुस्त्या अर्ध्यामुर्ध्याच उतरल्या, पण त्याने त्या गृहस्थांना दीडशे शब्दांची मर्यादा घातली नव्हती. आपण वाचकांच्या पत्रांना घालता. चुकीला अर्धे पान आणि दुरुस्तीला बोटभर जागा, हा हिशेब कोणाचा?

हे पत्र मर्यादेबाहेर गेले आहे, याची कल्पना आहे. कापायचेच असेल तर कॅक्स्टन कापावा, ओळींचे आकडे कापू नयेत. मुद्रितशोधकाच्या सोयीसाठी ते पुन्हा देतो: ५७५–५८४, ६०९–६१२, ६१९–६२६, ७१७–७२०.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)