मांडवीजवळच्या त्या दोन मच्छीमारदादांचे आभार

कच्छच्या ओसाड किनाऱ्यावर तंबू ठोकलेल्या आम्हा नाशिककरांना गंगापूर धरणाची सवय. तिथे पाणी दिवसातून दोनदा उतरत नाही! ओहोटीत होडी रुतली, उथळ पाण्यातच इंजिन रेटलं. रेतीने इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (रबरी पात्यांचं चाक) खाल्ला, थंडाव्याच्या पाण्याची धार बंद.

तुम्ही आधी इंजिन बंद करायला लावलंत. खालचा गिअरचा भाग उतरवून रबरी पात्यांचे तुकडे नळीतून तारेने एकेक काढलेत. राहिला असता एखादा, तर नवा इंपेलरही फुकट. मग स्वतःच्या होडीसाठी जपलेला सुटा इंपेलर ग्रीस लावून बसवलात, भरती येईपर्यंत थांबलात. वर 20 लिटर गोड्या पाण्याचा कॅन! पैसे मात्र घेतले नाहीत.

दादा, तसाच नवा इंपेलर पाठवलाय. सोबत द्राक्षांची पेटी आहे.