बुधवारच्या घरसभेसाठी: स्तोत्र ७३ वाचून या

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूमध्ये सलाम.

येत्या बुधवारी संध्याकाळी साडेसातच्या घरसभेत स्तोत्र ७३ घेणार आहोत. २८ वचनं आहेत, घरून वाचूनच या.

हे स्तोत्र आसाफाच्या नावावर आहे. आसाफ हा दावीद राजाच्या काळचा लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला), गायकांचा प्रमुख. उपासनेत मुरलेला माणूस. तरी दुष्टांची भरभराट बघून त्याच्या पोटात दुखलं, आणि ते तो लपवत नाही. मी मन शुद्ध राखलं ते फुकटच, इथवर त्याची मजल जाते (वचन १३). आपल्यात कुणी असं बोललं की लगेच ‘विश्वास कमी पडला’ म्हणतात. बुधवारी कृपया तसं म्हणू नये.

वचन १७ नीट पाहा. तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि त्याची नजर पालटते. परिस्थिती तीच, दुष्ट अजून गब्बरच. पण आता त्यांचा शेवट त्याला दिसतो, आणि आपला उजवा हात देवानं धरलाय हेही (वचन २३). धरणारा देव आहे, आसाफ नव्हे. यावर जास्त वेळ देऊ.

बायबल सोबत आणा, मोबाईल सायलेंटवर ठेवा. परतताना सोबत हवी असलेल्या ज्येष्ठांनी मंगळवारपर्यंत सेक्रेटरींना कळवावं.