प्राण्यालाही स्वतंत्र रकाना हवा

महोदय,

रहस्यकादंबरीकाराचे घर, लिहिण्याची खोली आणि तिथली कुत्री-मांजरे यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख छान उतरला आहे. मात्र त्यातले प्राणी लेखकाच्या हळवेपणाचा दाखला एवढ्यापुरतेच येतात. रहस्यकथा लिहिणाऱ्याला घरच्या प्राण्याचा कामातही मोठा उपयोग असतो, त्याविषयी हे पत्र.

अनेक रहस्यकथाकार लिहायला बसण्याआधी गुन्ह्याच्या दिवसाचा तक्ता आखतात. डावीकडे वेळ, वर प्रत्येक पात्राचा रकाना. कोण कुठे होते, कोणी काय पाहिले आणि ते वाचकाला कितव्या प्रकरणात कळणार. या तक्त्यात प्राण्याला रकाना क्वचितच मिळतो आणि कथानक नेमके तिथे उसवते. खून मध्यरात्री होतो, प्रेत तिसऱ्या दिवशी सापडते. दरम्यान कुत्र्याला खायला कोणी घातले, फिरायला कोणी नेले, याचा पत्ताच नसतो. बंद घरात अडकलेला कुत्रा घरातच घाण करतो, चौकटीवर ओरखडे काढतो, पाण्याचे भांडे रिकामे करून संडासातले पाणी पितो. या सगळ्यावरून वेळेचा अंदाज बांधता येतो. उलट भांड्यात स्वच्छ, ताजे पाणी असेल तर मधल्या काळात कोणीतरी आत येऊन गेले आहे. प्राणी पाळणाऱ्या लेखकाला हे शिकवावे लागत नाही.

अशा घरात आणखी एक गोष्ट घडू शकते, जी लिहायला बहुतेक जण कचरतात. मालकाच्या मृतदेहाला कुत्रा तोंड लावू शकतो, बऱ्याचदा चेहऱ्याला, आणि तेही भांड्यात खाणे शिल्लक असताना. मृत्यूनंतरच्या अशा जखमांच्या कडांना जिवंतपणीच्या जखमांसारखा रक्तस्राव दिसत नाही, त्यामुळे शवविच्छेदन करणारा डॉक्टर त्या ओळखतो. कादंबरीतला डॉक्टर मात्र त्यावरून खुनी विकृत असल्याचे जाहीर करून मोकळा होतो.

न भुंकलेला कुत्रा तर 1892 मधल्या शेरलॉक होम्सच्या कथेपासून प्रसिद्ध आहे. कुत्रा गप्प राहिला, म्हणजे आलेला माणूस ओळखीचा! धागा उत्तम, पण तो वापरण्याआधी बाकीच्या वाटा बंद कराव्या लागतात. म्हातारा कुत्रा बहिरा झालेला असतो. फटाक्यांना किंवा गडगडाटाला घाबरलेला पलंगाखाली दडून बसतो. काही कुत्री मुळातच परक्यापुढे शेपटी हलवतात. कुत्रा तरुण आहे, कान शाबूत आहेत आणि पोस्टमनवरही भुंकतो, हे पहिल्या काही प्रकरणांत सहज सांगून ठेवले, तरच शेवटचा उलगडा न्याय्य ठरतो.

विषाच्या बाबतीत सर्वाधिक घोळ असतो. चॉकलेट खाल्ले आणि कुत्रा जागच्या जागी कोसळला, असे होत नाही. घातक घटक थिओब्रोमिन. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅमला उलट्या-जुलाब, 40 ते 50 ला हृदयावर परिणाम, 60 च्या आसपास झटके. लक्षणे दिसायला बहुधा 6 ते 12 तास लागतात. 100 ग्रॅम दुधाच्या चॉकलेटमध्ये ते सुमारे 200 मिलिग्रॅम असते, म्हणजे 30 किलोच्या लॅब्रॉडॉरला फार तर पोट बिघडण्याचा त्रास. तेवढेच गडद चॉकलेट 5 किलोच्या कुत्र्याने खाल्ले तर जीव धोक्यात येतो. कथेत कुत्रा लवकर आजारी पडायला हवा असेल तर झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ चालेल. रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात घसरू शकते. त्याच युक्तीने मांजर मारू नका, मांजराला झायलिटॉल तसे बाधत नाही. त्याला पॅरासिटॅमॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते: हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो.

एकदाच कानावर पडलेले खुन्याचे वाक्य जसेच्या तसे म्हणणारा पोपट आता निवृत्त करावा. पोपट सहसा वारंवार ऐकलेलेच उचलतो.

त्यापेक्षा मांजराचे केस भरवशाचे साक्षीदार. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर 1994 मध्ये झालेल्या एका खुनात, रक्ताळलेल्या चामडी जॅकेटवरचे पांढरे केस संशयिताच्या घरच्या ‘स्नोबॉल’ या मांजराच्या डीएनएशी जुळले. बेटावरची सगळी मांजरे एकमेकांची नातलग निघाली तर जुळणीला अर्थ उरला नसता, म्हणून इतर मांजरांचेही नमुने तपासले गेले. मला तर केस जुळण्यापेक्षा ही पडताळणीच अधिक रंजक वाटते. कादंबरीत असा पुरावा आणायचा तर केस मुळासकट हवा. तुटलेल्या केसातून पेशीच्या केंद्रकातला डीएनए मिळणे फार अवघड.

जाता जाता एक तातडीची सूचना. लेखासोबतच्या छायाचित्रात लिहिण्याच्या टेबलावर मांजर बसले आहे आणि शेजारी फुलदाणीत लिली आहे. लिलियम जातीची लिली आणि डे-लिली मांजराच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. पाने-पाकळ्याच नव्हेत, अंगावर सांडलेले आणि चाटून पोटात गेलेले परागकण, फुलदाणीतले पाणीसुद्धा. मांजराने तोंड लावल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सलाइन लवकर, पहिल्या 18 तासांच्या आत सुरू झाले तर मूत्रपिंडे वाचण्याची चांगली शक्यता असते. कृपया हे संबंधित लेखकापर्यंत पोहोचवावे.

आपला,
एक पशुवैद्यक आणि रहस्यकथांचा वाचक