लिही, पण आपल्या जंगलाचं लिही

कुरखेडा, जि. गडचिरोली

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जंगलात वाट चुकली तर काय करावं, पाणी कुठं शोधावं, जीव कसा सांभाळावा यावर मासिकात दर महिन्याला लेख द्यायचं तू कबूल केलंस, हे वाचून लय आनंद झाला. आपल्याकडे जंगलावर भरपूर लिहिलं जातं, पण त्यात वाघ असतो आणि पाखरं असतात. टोपली घेऊन पायी जाणारा माणूस त्यात क्वचितच दिसतो. "काय काय लिहू?" असं तू विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली विनंती अशी की, बाहेरच्या पुस्तकांतलं आणि व्हिडिओतलं उचलून लिहू नकोस. ते तिकडे खरं असेल, पण इथं तेच माणसाला भलतीकडे नेईल. दिशेचंच बघ. "भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, सावली उत्तरेला पडते" हे सगळीकडे छापलेलं असतं. आपण राहतो २० ते २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. म्हणजे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गोळा होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तर तो उत्तरेकडे सरकतो, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिकडेच राहतो, आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका या दिवसांच्या तोंडावर. तेव्हा वाट चुकलेला माणूस छापील नियमावर विसंबला तर उलटा चालेल. त्यापेक्षा काडीची रीत सांग: सपाट जागी काडी रोवायची, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, वीसेक मिनिटं थांबायचं, नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवायचा. पहिल्या खड्यापासून दुसऱ्याकडे गेलेली रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. दुपारच्या आसपास ही रीत चांगली जुळते.

ध्रुवताऱ्याचंही तसंच. थंड मुलखातल्या पुस्तकात तो आभाळात उंच असतो. आपल्याकडे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर क्षितिजापासून दोन मुठी वर, बस. सागाच्या दाट रानात तो झाडांआडच राहतो, म्हणून आधी नाल्याच्या पात्रात किंवा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, यायचं, मग शोधायचा. हे तू स्वतः रात्री उभं राहून बघ आणि मगच लिही.

येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाचंही येऊ दे. खोडाला भोक पाडलं की पाण्याची धार, असे व्हिडिओ पोरं एकमेकांना पाठवत असतात. येनाच्या खोडात पाणी साठतं हे खरं, पण सगळ्याच झाडांत नाही, थोड्याच. बाकीच्यांवर कुऱ्हाड चालवून झाड जखमी होतं आणि तहानलेल्या माणसाचा घाम वाया जातो.

पाणी शोधायचं तर झिऱ्यावर, म्हणजे नाल्याच्या वाळूत उकरून काढलेल्या पाण्यावर, एक आख्खा लेख दे. आमच्या गावच्या बाया उन्हाळ्यात झिरा कसा काढतात ते जवळ बसून बघण्यासारखं आहे. कोरड्या नाल्याच्या वळणावर, बाहेरच्या काठाखाली, जिथं वाळू गडद आणि हाताला गार लागते तिथं बसायचं. आधी हातानं उकरायचं, कोपरभर खोल गेलं की वाटीनं. कडा ढासळू नये म्हणून खड्डा वर रुंद, खाली निमुळता. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. मग हात न लावता थांबायचं. हे थांबणं व्हिडिओत कधी दाखवत नाहीत, पण सगळी करामत त्यातच आहे. पाणी निवळलं की तळ न ढवळता वाटीनं उचलायचं आणि चौपदरी लुगड्यातून गुंडात, म्हणजे घागरीत, गाळायचं. जुनी माणसं मडक्याला आतून निवळीची बी घासतात, त्यानं गाळ खाली बसतो. मात्र ठळक लिही की गाळ बसला म्हणजे रोगजंतू मेले असं नाही. पाण्याला खळखळ उकळी येऊन मिनिटभर तशीच राहिली पाहिजे. उकळायला जाळ करायचा तो नाल्याच्या उघड्या वाळूत, पाचोळ्यापासून लांब, आणि निघताना पाणी ओतून राख हातानं चाचपून बघायची. राखीव जंगलात जाळ करणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, तेही लिही. लाकडावर लाकूड घासून आग कशी काढायची हे नाही आलं तरी चालेल. आपल्या उन्हाळी जंगलात आग विझवणं शिकवायची गरज जास्त आहे.

आता सापाचं. इथं शब्द तोलून लिही, कारण हा लेख वाचून कुणीतरी खरंच तसं वागणार आहे. नाग, घोणस, फुरसं यांचा दंश कळतो; दुखतं, सूज येते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा कळतही नाही. खूण दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोट दुखतं, घरचे म्हणतात अपचन झालं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि पुढे श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं आणि डोळे मिटू लागले तर साप समजूनच दवाखाना गाठायचा, हे एक वाक्य चौकटीत छाप. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, तोंडानं ओढू नये. अंगठी, कडं, जोडवी काढून घ्यावीत. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी सरळ काठी दुपट्ट्यानं बांधावी, चालू देऊ नये, १०८ ला फोन करावा. गाडी येण्यासारखी नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघावं. विषावर औषध एकच, प्रतिसर्पविष, आणि ते दवाखान्यातच मिळतं. साप उतरवणाऱ्या गावातल्या पुजाऱ्याला मात्र वाईट लिहू नकोस. लोकांचा त्याच्यावर जीव आहे. "त्यांनाही सोबत गाडीत घ्या" असं लिही, म्हणजे वेळ वाचेल आणि कुणी दुखावणारही नाही. बचाव तर साधाच आहे: खाट, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, रात्री हातात टॉर्च. छापण्याआधी हा लेख ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना वाचायला दे.

उन्हाचा लेख एप्रिलच्या आत निघाला पाहिजे. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि तेंदू तोडणारी माणसं त्यातच वाकलेली असतात. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, की सावलीत आडवं करून सगळ्या अंगावर पाणी, वारा आणि लगेच दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

मोहफुलाचं आणि वाघाचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एवढंच की, पहाटेच्या अंधारात एकटीनं वाकून वेचू नये. अस्वलालाही मोह तितकाच आवडतो. उजाडू द्यावं, चार जणींनी बोलत जावं, एकीनं उभं राहून नजर ठेवावी. आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून पळत सुटावं, पाण्यात उडी मारू नये, माश्या वर वाट बघतात.

टेकोड्यांवर, म्हणजे रानातल्या अळिंब्यांवर, लिहू नकोस. त्यातल्या खाण्याच्या सात्या तू डोळे मिटून ओळखशील, पण फोटोवरून ओळखायला शिकवणं मला मान्य नाही. काही विषारी जातींचा त्रास सहा-बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो, तोवर घरभर सगळ्यांनी खाल्लेलं असतं.

आणि प्रत्येक लेखात हे वेगळं ठेव: हे मी केलं, हे मी पाहिलं, हे ऐकलं. ज्यांच्याकडून शिकलास त्यांना छापण्याआधी वाचून दाखव. मधाच्या कड्याचा, कंदमुळांच्या जागेचा पत्ता ग्रामसभेला विचारल्याशिवाय देऊ नकोस. आपल्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तो राखण्याच्या जबाबदारीसकट मिळाला. त्या जंगलाबद्दल काय बाहेर सांगायचं, हेही तिथल्या लोकांनीच ठरवावं असं मला वाटतं.

उन्हाचा लेख आधी पाठव. आठवडी बाजाराला तेंदू तोडणाऱ्या बाया इकडे येतात, त्यांना वाचून दाखवीन आणि त्या काय म्हणतात ते जसंच्या तसं तुला कळवीन. झिऱ्यासाठी ये, दोन दिवस राहायलाच ये. आईला नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझाच दोस्त

ता. क. चित्रं हातानं काढलेली असली तर बरं. काठी बांधायचं चित्र तर हवंच, फोटोत गाठ नीट दिसत नाही.