नदी सुधारली म्हणता, पण मासे मोजले का?

संपादक साहेब, नमस्कार. मुळा-मुठेच्या ४४ किमी नदीकाठ प्रकल्पावर रोज बातम्या येतात, फोटोही भारी असतात, पण पाण्यात कोणते मासे उरलेत हे कुठेच दिसत नाही. नुसतं "मासे वाढले" सांगून चालायचं नाही हो, कारण चिलापी (म्हणजे तिलापिया, बाहेरून आलेला मासा) आणि डासांच्या अळ्या खायला सोडलेला गप्पी कमी ऑक्सिजनमध्येसुद्धा मजेत जगतात, मग आकडा फुगतो आणि आपला खडशी (म्हणजे महासीर), वांब, मरळ गेले तरी कळत नाही. जात लिहून मोजा, काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतरही काही वर्षं, उन्हाळ्यात वेगळं आणि पावसानंतर वेगळं, शिवाय काम न झालेल्या पट्ट्यातही, नाहीतर तुलना करणार कशाशी?

पाण्याचंही तेच. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या निकषात मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, तो भर दुपारी मोजला तर छानच येणार, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच वापरतं, म्हणून पहाटे मोजा ना. आणि खडशीला अंडी घालायला खळाळतं पाणी, गोटे-वाळू लागते, तळ सरसकट सपाट केला तर संपलंच. खर्चाचे आकडे छापता तसं हे रीडिंग पण दर महिन्याला छापा की.

— एक वाचक, पुणे