बेकायदा गेले म्हणून साखळ्या घालायच्या?

संपादक महोदय, स. न.

कालच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलंय की अमेरिकेत बेकायदा गेले तर बेड्या पडणारच, त्यात रडायचं काय. वाचल्यापासून डोकं तापलंय म्हणून लिहितोय. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेल्या भारतीयांना घेऊन अमृतसरला जे अमेरिकन लष्करी विमान उतरलं त्यात १०४ माणसं होती, आपल्या महाराष्ट्रातले तिघे होते. परराष्ट्रमंत्री जयशंकर राज्यसभेत म्हणाले की आइसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, परत पाठवताना साखळ्या घालायची ही पद्धत २०१२ पासूनची आहे. जुनी आहे म्हणून ती बरोबर कशी काय होते?

बेकायदा म्हणजे काय ते आम्ही घरात बघितलंय. माझा धाकटा भाऊ दुबईत वेल्डर होता, कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार अडकवला, म्हणून त्याने काम सोडलं आणि व्हिसा संपला तसा हा बेकायदा झाला. चोरी नाही, मारामारी नाही. नंतर लपूनछपून मिळेल ते काम केलं, ताप आला तरी दवाखान्यात जायची भीती, आई गेली तेव्हाही येता आलं नाही त्याला. २००७ ला तिथल्या सरकारने माफी जाहीर केली तेव्हा आउटपास (पासपोर्टऐवजी मिळणारा परतीचा कागद) घेऊन तो साध्या विमानाने, बाकीच्या पॅसेंजरांसोबत बसून मुंबईला आला. त्याला साखळ्या घालून उतरवलं असतं तर तो गावात परत आलाच नसता, हे मी लिहून देतो.

परत पाठवा, तो त्यांचा हक्क आहे, माझं म्हणणं फक्त साखळ्यांबद्दल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ह्युंदाईच्या प्लांटवर याच आइसने धाड घालून तीनशेहून जास्त कोरियन धरले, त्यांनाही साखळ्या घातलेला व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, पण कोरियाने स्वतः चार्टर विमान पाठवलं आणि येताना हातकड्या नकोत हे मान्य करून घेतलं. फेब्रुवारीत आपल्या सरकारने चिंता कळवली आणि पहिल्या विमानानंतर दहा दिवसांनी दुसरं विमान आलं त्यातले पुरुषही तसेच बांधलेले. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर १९८० मध्येच सांगितलंय की कच्च्या कैद्यालासुद्धा सरसकट बेड्या घालायच्या नाहीत.

आणि तुमच्याबद्दलही तक्रार आहे. अमेरिकेतल्या गणपतीला तुम्ही अर्धं पान देता, मग त्या तिघांच्या घरी एक बातमीदार का नाही पाठवला? त्यांना कोणत्या एजंटने पाठवलं, किती लाख घेतले, तो एजंट आज कुठे आहे, हे छापा.

एक जुना वाचक, चिपळूण